रिकामा पुठ्ठा

१

पुस्तक चोरीला गेलं, पण पुठ्ठा जागेवर होता.

म्हणून तर मला कळायला दुपारचे चार वाजले. सकाळपासून दोनदा मी त्या कपाटासमोरून गेले, काचेतून निळा कापडी पुठ्ठा दिसला आणि निर्धास्त झाले. चार वाजता आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष शिवप्रकाश पुस्तक न्यायला आले. मी कुलूप काढलं, पुठ्ठा उचलला, तर हाताला काही वजनच लागेना. आत एकही पान नव्हतं. फळीवर पांढऱ्या दोऱ्याचे चार तुकडे तेवढे पडले होते.

मी राजेश्री. पेडगावच्या पुढे कालव्याकाठी आमचं गाव आहे, तिथल्या वाचनालयाची मी तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण रुबाब आहे. त्या रुबाबाचं कारण म्हणजे हे कपाट. गावात त्याला ‘बंदीचं कपाट’ म्हणतात. जे जे पुस्तक वाचू नका असं कुणी ना कुणी कधी ना कधी बजावलं, ते ते यात. काही निजामाच्या अमदानीत जप्त झालेली, काही आणीबाणीत दडवलेली. यंदा मला काय सुचलं कोण जाणे, मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘बंदीची पुस्तकं वाचू या. दर बुधवारी, पाच वाजता.’ पाच माणसं येतील असं वाटलं होतं, पस्तीस आली. खुर्च्या कमी पडल्या.

समारोपाला येत्या रविवारी पार्वतीबाई येणार होत्या.

पार्वतीबाई मला चौथीत शिकवायच्या. त्यांनी एकच कादंबरी लिहिली, ‘बारीचं पाणी’. गोदा नावाची विधवा कालव्याच्या पाण्यातली आपली बारी, म्हणजे आपली पाळी, मागते आणि गाव तिला वाळीत टाकतं, अशी गोष्ट. पदरचे पैसे घालून परभणीत तीनशे प्रती छापल्या. त्यातला पाटील आपल्यावरच बेतलाय असं किशनरावांना वाटलं. त्र्याऐंशी साली, बाजाराच्या दिवशी, त्यांनी सगळ्या प्रती गोळा करून चौकात पेटवल्या. मी चुरमुऱ्यांच्या भत्त्याची पुडी हातात धरून बघत होते. कागदाचा नाही, पुठ्ठ्याच्या खळीचा वास अजून नाकात आहे. बाई शाळेच्या ओट्यावर उभ्या होत्या. जाळ खाली बसला तशी त्यांनी घंटा वाजवली आणि आमच्याकडून सतराचा पाढा म्हणून घेतला. महिनाभरात त्यांची बदली येलदरीकडे झाली.

एक प्रत वाचली, कारण मल्लम्माआजींनी वाचनालयातून नेलेलं पुस्तक मुदत संपली तरी परत केलं नव्हतं. तीच प्रत कपाटात होती. खुद्द बाईंकडेही दुसरी नाही. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत, डोळे गेलेत. फोनवर म्हणाल्या होत्या, “राजेश्री, एकदा ऐकायचंय गं. शेवट काय केला होता तेच आठवत नाही मला.”

आणि मी रिकामा पुठ्ठा धरून उभी होते.

२

“अवो मॅडम, आता मी त्या लोकांना काय सांगू?” शिवप्रकाश घाम पुसत म्हणाले.

ते लोक म्हणजे तालुक्याच्या एका संघटनेचे कार्यकर्ते. गुरुवारी त्यांचं पत्र आलं होतं, पुस्तकानं गावाची बदनामी होते, ते आमच्या हवाली करा, पुढच्या शनिवारी न्यायला येतो. शुक्रवारच्या बैठकीत शिवप्रकाश म्हणाले, देऊन टाकू आणि मिटवू. ते खताचे दुकानदार, भांडणाला भिणारे. मी विरोध केला, बाकीचे पंखा बघत बसले. सोमवारी पुस्तक अध्यक्षांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. आज सोमवारच होता.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच. एक माझ्या पिशवीत, दुसरी शिवप्रकाशांच्या घरी देवघराच्या खिळ्याला. विरोध करणारी मी, त्यामुळे संशय कुणावर हे सांगायला नको.

“पुस्तक घरी नेलं असंल तर आणून द्या,” शिवप्रकाश हळूच म्हणाले. “मी कुनाला सांगनार न्हाई.”

मला रडू आलं, रागानं.

त्या आठवड्यात माझ्याकडे धम्मशीलाबाई पाहुण्या होत्या. निवृत्त ग्रंथालय निरीक्षक. नोकरीत असताना त्या तपासणीला आल्या की जिल्ह्यातले ग्रंथपाल आदल्या दिवसापासून उपाशी असायचे. मी त्यांना समारोपाला बोलावलं होतं. त्यांनी फळीवरचा दोरा उचलला, उजेडात धरला.

“कापलाय, तोही फक्त गाठीपाशी,” त्या म्हणाल्या. “मग हलक्या हातानं ओढून काढलाय. ज्याला जाळायचंय तो असा उसवत बसेल का?”

“मग?”

“या कपाटातलं सगळ्यात जुनं पुस्तक दाखवा.”

चोरी कशाची आणि या बघतात काय! पण निरीक्षकाला नाही म्हणायची सवय नव्हती. निजामाच्या काळात जप्तीचा हुकूम निघालेलं एक पुस्तक मी दिलं. त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं आणि कडेनं बघायला सांगितलं. मी हजारदा झटकलेलं पुस्तक, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पानांच्या कडा एका रंगाच्या नव्हत्या. पहिली सोळा पानं हळदीनं पिवळी, पुढची सोळा तेलकट, त्यापुढच्या सोळांच्या घड्यांत भस्म बसलेलं.

“छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा असतो,” धम्मशीलाबाई म्हणाल्या. “हे फर्मे वेगवेगळ्या ठिकाणी म्हातारे झालेत.” एवढंच बोलून त्यांनी पुस्तक बंद केलं.

घरी जाताना मी विचारलं, तुम्ही एवढ्या कशाला पडता यात? त्या म्हणाल्या, “माझे वडील गावच्या वाचनालयाच्या पायरीवर बसून आतला पेपर ऐकायचे. आत जायची त्यांना बंदी होती. बंदी काय, पुस्तकावर घालतात तशी वाचणाऱ्यावरही घालतात. मला दोन्हीचा सारखाच राग येतो.”

त्या सोमवारी माझ्या हातून पूजासुद्धा झाली नाही. मल्लम्माआजी दर सोमवारी आठ-दहा घरी बेलाची पुडी देतात. सकाळी दिलेली ती पुडी देवापाशी तशीच सुकत राहिली.

३

मंगळवार-बुधवार आम्ही दोघी गावात फिरलो. धम्मशीलाबाई कुणालाही ‘तुम्ही कुठे होता’ असं विचारत नव्हत्या. पुस्तकाबद्दलच गप्पा मारायच्या. मला वैताग आला होता.

पहिला नागनाथ. वाचनालयाचा शिपाई, सकाळी सहाला दार उघडतो. वीस वर्षांत त्यानं राशीभविष्याशिवाय काही वाचलेलं मी पाहिलं नाही.

“मी न्हाई घेतलं, मॅडम,” तो आधीच म्हणाला. “सहाला दार उघडलं, अर्धा तास पानी भरायला गेलो. पेपरवाली मंडळी होती. अन् मल्लम्माआज्जी, दर सोमवारी संस्थापकांच्या फोटूला बेल वाहत्यात त्या. आपलंच घर असल्यावानी येत्यात.”

संस्थापक म्हणजे आजींचे वडील, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

“पुस्तक कसं होतं हो?” धम्मशीलाबाईंनी सहज विचारलं.

“लय भारी! ती गोदा पहाटंच्या पारी एकलीच कालव्यावर जाती. पान्याच्या दाराचं चाक फिरत न्हाई, गंज चढलाय. मग पदर गुंडाळती हाताला, अन्...” तो थांबला. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, “मॅडम, पुढं दार उचलतंय का तिच्यानं?”

बुधवारी शिवप्रकाशांच्या घरी गेलो. ते दुकानात होते. त्यांची बायको त्रिवेणी पोहे करायला उठली. शिवप्रकाशांच्या आजी, आमच्या मल्लम्माआजी, खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशीचं वय, बोटं अजून सुईसारखी सरळ. कान मात्र सोयीनं ऐकतात.

“किल्ली तर हितंच असती,” त्रिवेणी म्हणाली. “सोमवारी हे उशिरा उठले, मी सैपाकात. आज्जी तेवढ्या सहालाच भायेर पडल्या. येरवी आठला निघत्यात. म्हणलं एवढ्या लवकर कामून, तर म्हणल्या बेल तोडायला जायलेय.”

“आजी, तुम्ही कुणाला बघितलं का वाचनालयात?” मी ओरडून विचारलं.

“काय की बाई,” आजी म्हणाल्या आणि वात वळत राहिल्या.

पोहे देताना त्रिवेणी आपणहून बोलली. “त्या पुस्तकात गिरणीवरच्या बाया लय वंगाळ वागत्यात बघा. गोदाचं दळण कुणी पुढं सरकू देत न्हाई. मला तर रडूच आलं.” आणि मग हळू आवाजात विचारलं, “मॅडम, पुढं कुणीतरी बोलतंय ना तिच्यासंगं?”

बाहेर आल्यावर धम्मशीलाबाई चक्क हसत होत्या. मला पार्वतीबाईंचा फोन येऊन गेला होता, गाडीची वेळ विचारायला. मी उचलला नव्हता. मला हसू येण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

४

गुरुवारी मी किशनरावांच्या दारात पोचले तेव्हा कडी वाजवायला धम्मशीलाबाईंना पुढे केलं. पन्नाशी गाठली तरी चौथीतली पोर आत कुठेतरी असतेच.

किशनराव आता अठ्ठ्याहत्तरचे. मिशा पांढऱ्या, आवाज तोच. त्या बाजाराच्या दिवसापासून मल्लम्माआजींनी या घराचा उंबरा ओलांडलेला नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

“आलाव का पंचनामा करायला?” ते म्हणाले. “मला ठावं हाय, गाव माझंच नाव घ्यायलंय. एकदा जाळलं म्हंजे काय रोज जाळतो का मी?”

“तेव्हा वाचून जाळलं होतं का?” धम्मशीलाबाईंनी विचारलं.

किशनराव म्हणाले, “न्हाई. लोकांनी सांगितलं, तुमच्यावर लिवलंय. मी काडी लावली. एक पान उघडून बघितलं न्हाई.”

“मग त्यात काय आहे हे तुम्हाला माहीतच नाही.”

“माहीत कसं न्हाई!” म्हातारा उसळला. “भर पंचायतीत ती बाई म्हणती, पानी तुमच्या बापाचं न्हाई, कालव्याचं हाय, माझी बारी मला द्या. अन् त्यो पाटील म्हणं मान खाली घालतो. मी कवा घातली हो मान? सांगा की!”

शब्द न शब्द बरोबर होता.

टेबलावर त्यांचा चष्मा होता, कालचा पेपर होता आणि पेपरातून बेलाचं एक सुकलेलं पान डोकावत होतं. धम्मशीलाबाईंची नजर त्यावर गेली, तशी किशनरावांनी पेपरावर हात ठेवला.

आम्ही उठलो. फाटकापर्यंत ते काठी टेकत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “राजेश्री, तू वाचलंयस म्हणं. मान खाली घातल्यावर पुढं काय व्हतंय?”

“ते सांगायला पुस्तक हवं, काका,” मी म्हणाले.

रस्त्यात धम्मशीलाबाई एकदम थांबल्या. “कळलं,” त्या म्हणाल्या. “पण शनिवारपर्यंत मी तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही.”

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

५

शनिवारी अकराला जीप आली. चौघं उतरले, गळ्यात रुमाल, हातात मोबाईल, शूटिंग चालू. मी कपाट उघडून रिकामा पुठ्ठा पुढे केला.

“पुस्तक कुठंय?”

“माहीत नाही.”

“तुमच्या पोरांची शपथ घेऊन सांगा.”

“माझ्या दोन्ही पोरांची शपथ,” मी म्हणाले. “मी पुस्तक हलवलेलं नाही, कुणी नेलं ते मला माहीत नाही, आणि ते सापडलं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.” बोलता बोलता डोळे भरून आले. ते त्यांनी शूट केलं. खऱ्या रडण्याला काय बोलणार! त्यांनी कपाटाचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि शेवटी पुठ्ठाच जप्त करून घेऊन गेले.

धूळ खाली बसली. धम्मशीलाबाई म्हणाल्या, “चला आता मल्लम्मांकडे.”

आजी खिडकीशीच होत्या. धम्मशीलाबाई त्यांच्यापुढे खाली बसल्या. “मावशी, जीप गेली. आता बोलू का?”

“बोल की,” आजी म्हणाल्या. त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

“तिघांना मी पुस्तकाबद्दल विचारलं,” धम्मशीलाबाई मला म्हणाल्या. “तिघांनी तीन वेगळे प्रसंग काल वाचल्यासारखे सांगितले. आणि तिघांनीही विचारलं, पुढे काय होतं? ज्यानं पूर्ण पुस्तक वाचलंय तो असं विचारत नाही. ज्यानं काहीच वाचलं नाही, तोही नाही. हे ज्याच्याकडे सोळाच पानं आहेत तो विचारतो. पुस्तक एकशे अठ्ठावीस पानांचं. म्हणजे आठ फर्मे, आठ घरं. तुमच्या जुन्या पुस्तकाची पानं हेच सांगत होती. एक फर्मा स्वयंपाकघरात म्हातारा झाला, एक देवघरात.”

“पण आजीच कशावरून?”

“सोमवारी बेल तोडतात का हो तुमच्यात?”

“छे! सोमवारी बेलाला हात लावत नाहीत. रविवारीच तोडून ठेवतात,” मी म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. त्रिवेणीचं वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं आणि जन्मभर बेल वाहणाऱ्या मला ते खटकलं नव्हतं!

मल्लम्माआजींना हसू आवरेना. “जल्मात खोटं बोलायची सवय न्हाई बाई. पहिल्याच खोट्याला सापडले.”

मग त्यांनी सांगितलं. “मी धा वर्सांची होते. बंदीचं पुस्तक आलं की माझे वडील, अण्णा, दोरा उसवायचे. एका घरी एकच फर्मा. तलाशी झाली तर सोळा पानं जायची, पुस्तक न्हाई. मी परडीत बेलाखाली घालून न्यायची, पोरीची परडी कोण बघतंय? सोमवारी सोमवारी घरं बदलायची. शुक्रवारी रातच्याला शिवप्रकाश जेवताना म्हणला, पुस्तक देऊन टाकनार. म्हणलं, देतोस कसं बघते. किल्ली तर माझ्या देवाच्याच खिळ्याला.”

“आणि किशनरावांना कशाला दिलंत?” मी ओरडलेच. “जाळलं असतं त्यांनी!”

“अण्णांचा एक फर्मा कायम पोलीस पाटलाच्या घरी असायचा, त्याच्या बायकोपाशी. तलाशी घेनाऱ्याच्या घराची तलाशी कोन घेतंय? पन माझ्या मनात दुसरं बी होतं. बेचाळीस वर्सांनी त्याचा उंबरा चढले. म्हणलं, किसन, हे तुझ्यावरचं हाय म्हणतोस ना, मग आता तरी वाच. मग जाळायचं तर जाळ.”

“मला का नाही सांगितलंत? पाच दिवस जेवण गेलं नाही मला.”

“पुस्तकं संबाळतो त्याला सांगायचंच न्हाई, ह्यो अण्णांचा नेम. शपथ घ्यायची पाळी त्याच्यावर येती. आज पोरांची शपथ घेतलीस ना? खरी घेतलीस. मी सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

मी आजींच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी झाले.

६

रविवारी पार्वतीबाई आल्या. नागनाथनं हात धरून पहिल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, “सतराचा पाढा येतो का अजून?”

पुस्तक नव्हतं. माणसं होती. एकेका घरानं उठून आपला फर्मा वाचायचा असं ठरलं. पहिला गिरणीवाल्यानं वाचला, दुसरा शाळेतल्या बाईंनी. तिसऱ्याला त्रिवेणी पदर खोचून उठली, तेव्हा शिवप्रकाशांचं तोंड बघण्यासारखं झालं. पुस्तकाचा एक फर्मा आठवडाभर त्यांच्याच घरात, पोळ्यांच्या डब्याखाली होता. नागनाथ पाचवा. आपला फर्मा संपताच त्यानं शेजारच्याच्या हातातला सहावाही ओढून घेतला. चाक फिरलं, दार उचललं, तो जोरजोरात वाचत राहिला, कुणी त्याला थांबवलं नाही. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

सहावा झाला. सातवा कुठेच दिसेना. मग मागच्या दारातून काठीचा आवाज आला.

किशनरावांनी पंचायत वाचली. गोदाचं बोलणं वाचलं, पाटलाचं उत्तर वाचलं. “पाटलाने मान खाली घातली,” हे वाक्य आलं तेव्हा ते थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं, आणि पानं मिटली.

“पुढं?” त्यांनी विचारलं.

“हो, पुढे मी काय केलं होतं गं?” पार्वतीबाई म्हणाल्या.

आठवा फर्मा कुणीच आणला नव्हता. मी मल्लम्माआजींकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. माझा धीर सुटायला लागला. सगळं जमलं आणि नेमका शेवट गेला?

“राजेश्रीबाई,” धम्मशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, “सोमवारी पूजा केली होती का तुम्ही? सहा दिवस तुमच्या देवापाशी एक पुडी बघतेय. दुसऱ्याच्या देवाची पुडी मी कशी उघडणार?”

मी चपला न घालता धावले. पुडी सोडली. बेल पार वाळला होता आणि त्याखाली सोळा पानं होती. पोरांची शपथ मी घरात पुस्तक ठेवून घेतली होती, आणि तरी ती खरी होती. अण्णांच्या नेमाची खरी धार मला तेव्हा समजली.

परत येऊन मी शेवट वाचला. गोदाची बारी येते. रात्रभर ती वावरात पाणी फिरवते. उजाडताना तिचं रान भिजून होतं आणि अजून अर्धा तास उरलेला असतो. शेजारी पाटलाचं वावर भेगाळलेलं असतं. ती खोरं घेते, बांध फोडते आणि उरलेलं पाणी तिकडे वळवते. कुणाला काही सांगत नाही.

“बरा केला होता की शेवट,” पार्वतीबाई स्वतःशीच म्हणाल्या.

किशनराव उभेच होते. “हे होतं व्हय यात?” ते म्हणाले. “बाई, मला हे कुणी सांगितलं न्हाई.”

“ऐकायला थांबलात कुठे तुम्ही, किशनराव?” बाईंच्या आवाजात राग नव्हता. “मी पुस्तक तुमच्याकडेच पाठवणार होते. पहिली प्रत.”

म्हातारा मटकन खाली बसला आणि तोंडावर उपरणं धरून रडला. मीही रडले, का ते आता विचारू नका.

पुस्तक पुन्हा शिवायचं का, असं शिवप्रकाशांनी विचारलं. मल्लम्माआजी म्हणाल्या, पुठ्ठा तर जीपवाल्यांनी नेला, राहू द्या तसंच.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी आठला दार वाजलं. किशनराव उभे होते, हातात बेलाची पुडी, कशीबशी बांधलेली.

“ह्यो माझा सातवा पुढच्या घरी द्यायला निघालोय,” ते म्हणाले. “आता सुरवातीपासनं वाचनार. पहिला फर्मा कुणाकडं हाय गं?”

“काका,” मी म्हणाले, “ते ग्रंथपालाला विचारायचं नसतं. मला खरंच माहीत नाही.”